तिच्या मापाचा ठोकळा

१

धाकटी वसतिगृहात आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती, काखेत वळकटी होती आणि डोक्यात बाबांच्या सुया होत्या.

बाबा शिंपी. हातपाय अजून शाबूत, डोळ्यांनी मात्र दगा दिलेला. शिलाई सरळ पडायची, कारण ती बोटांना पाठ होती. पण सुईचं नेढं काही केल्या दिसायचं नाही. आई गेल्यापासून रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी धाकटी सुया ओवून ठेवायची. काळा दोरा, पांढरा दोरा, हातातल्या कापडाला लागेल तो दोरा. सगळ्या एका उशीवर ओळीने टोचायच्या. बाबा दिवसभर त्यातली एकेक उपसत. थोरला भाऊ समुद्रापार, बायकोमुलांत रमलेला. त्याचं नाव घरात निघत नसे. म्हणजे घरात माणसं दोनच, आणि एकाचे डोळे दुसरीच्या कपाळावर.

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात तिचा नंबर लागला तेव्हा बाबा म्हणाले होते, "पुस्तकं रचायला दोन वर्षं? मी उभा जन्म कापडाचे तागे रचले, मला कोणी पदवी दिली नाही."

"तुमच्या ताग्यांवर नंबर नसतात, बाबा."

"असतात. डोक्यात." मग कात्री खाली ठेवून म्हणाले, "जा. इथे बसून तुझ्याही डोळ्यांचं वाटोळं करून घेऊ नकोस."

तो 'जा' त्यांनी तोंडातून कसा काढला हे तिला ठाऊक होतं. निघताना ती जिन्याच्या तळाशी वळली, तर बाबा वर दारात उभे होते. जरासे एका बाजूला कलंडलेले. इतकी वर्षं त्या बाजूला ती उभी असायची.

खोलीत आधीच एक मुलगी होती. पलंगावर मांडी घालून सफरचंद खात होती. हीच तिची पार्टनर.

"ये. तो तुझा पलंग. गादी उलटी कर, खालची बाजू बरी आहे. बादली आणलीस? नाही ना, कोणीच आणत नाही. माझी वापर. सकाळी नळाला रांग लागते, मी तुझा नंबर लावत जाईन."

ओळख ना पाळख, आणि एवढं! धाकटीचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? बादली देतेय, किडनी नाही."

धाकटी हसली. गादी उलटी केली. खालची बाजू खरंच बरी होती. त्या दिवशी तिने मनातल्या मनात अनेकांचे आभार मानले. शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे, अर्ज भरायला मदत करणाऱ्या सरांचे, पार्टनरचे. सगळ्यात शेवटी बाबांचे. तिथे मात्र आभार पुरेनात.

२

वर्ग सुरू झाले. विभागप्रमुख बाई कडक, पण मायाळू. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "हे शास्त्र पुस्तकातून निम्मं कळतं. उरलेलं हात काळे केल्याशिवाय कळत नाही. दुपारी भांडारात जायचं, फळीवर काम करायचं."

भांडार वाचनालयाच्या पाठीमागे होतं. वाचकांना तिथे मज्जाव. लोखंडी मांडण्या छतापर्यंत भिडलेल्या, मधल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाला पाठ मांडणीला लावून उभं राहावं लागे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दिव्याचं बटण. ते पिळलं की दिवा लागायचा आणि बटण टिकटिक करत आपोआप उलटं फिरू लागायचं. टिकटिक थांबली की अंधार. पुन्हा तोंडाशी जाऊन पिळा.

तिथले राखणदार म्हणजे एक ठेंगणे गृहस्थ, अंगात कायम करडा डगला. मुलं त्यांना ठोकळेकाका म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. कारणही तसंच होतं. फळीवरून पुस्तक बाहेर गेलं, वाचकाकडे म्हणा किंवा बांधणीला म्हणा, की त्याच्या जागी ते तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवत.

"जागा मोकळी सोडायची नाही," त्यांनी धाकटीला सांगितलं. "शेजारचं कलंडतं. ते कलंडलं की त्याच्या शेजारचं. कण्याला बाक आला की जन्मभर जात नाही."

"आणि पुस्तक परत आलं की?"

"आधी ठोकळा काढायचा. मग पुस्तक ठेवायचं. दोन्ही एका जागी नाही ठेवायचे."

सोपं होतं. धाकटीला काम आवडलं. पुस्तकांच्या कण्यावरचे आकडे वाचत जायचं, चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक आपल्या घरी नेऊन ठेवायचं. बाबा ताग्यांवरून हात फिरवत तसा ती पुस्तकांवरून फिरवू लागली. इथे आपलं जमणार, असं तिला वाटलं.

आणि तेवढ्यात घरचा फोन आला.

"काही नाही गं," बाबा म्हणाले. ते 'काही नाही' म्हणाले की काहीतरी असायचंच. "पांढऱ्या सदऱ्याला हिरवा दोरा लावला. गिऱ्हाईक ओरडून गेलं. ओरडू दे."

"आणि?"

"आणि उठताना जरा तोल गेला. कोपर सोललंय."

"जेवलात का?"

"भूक नाही. घर खायला उठतं, मग माणूस काय खाणार?" ते हसले. 

तिने बॅग पलंगाखालून ओढली. पार्टनरने विचारलं, "कुठे?"

"घरी. नाव काढून घेते. शिक्षण पुढच्या वर्षीही होईल, बाबा पुढच्या वर्षी..." ती कपडे बॅगेत कोंबू लागली.

"आज दुपारचं काम तर कर. बाईंना न सांगता पळालीस तर पुढच्या वर्षी दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

म्हणून ती भांडारात गेली. हातात एक ठोकळा होता, गेलेल्या पुस्तकाच्या जागी ठेवायला. तो अगदी नेमका बसला. शेजारची पुस्तकं ताठ उभी राहिली, जणू काही झालंच नाही. ते पाहून तिच्या तोंडून निघून गेलं, "घरी माझ्या जागी असा एक ठोकळा असता तर किती बरं झालं असतं. बाबा कलंडले नसते."

गल्लीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. निदान तिला तसं वाटलं होतं. मांडणीच्या पलीकडून ठोकळेकाकांचा आवाज आला.

"कुठल्या मापाचा?"

ती दचकली, मग हसली. म्हातारा गंमत करतोय. "माझ्याच मापाचा, काका. दुसरा कसा बसेल?"

 नुसती टिकटिक ऐकू येत राहिली. मग तीही थांबली आणि अंधार झाला.

३

नाव काढायचा अर्ज लिहायला ती बसणार, तेवढ्यात बाबांचाच फोन आला.

"येऊ नकोस," ते म्हणाले. "सोय झाली."

"कसली सोय?"

"सगळी. सुया ओवलेल्या आहेत. जेवलोही."

आवाजात ताठपणा होता. पहिल्यासारखा. धाकटीच्या जिवात जीव आला. खालच्या मजल्यावरच्या मावशी देवासारख्या धावून आल्या असणार. आईच्या वेळेपासूनचा घरोबा. तिने अर्जाचा कागद फाडून टाकला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

त्यानंतर तिचं बस्तान बसलं. बसलं म्हणजे कसं, पाण्यात दगड बसावा तसं. पार्टनरने कुठूनशी एक खुर्ची पैदा केली. बाईंनी तिने केलेलं वर्गीकरण सगळ्या वर्गाला दाखवलं आणि वर म्हणाल्या, "शिंप्याची मुलगी दिसतेस. कुठे कापायचं आणि कुठे जोडायचं, बरोबर कळतं." धाकटीने ही गोष्ट बाबांना सांगितली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ठसका चालू असतानाच तिच्या कानावर तो आवाज पडला. शिलाई मशीनचा.

हलका, एका लयीत. पायट्याचा खटका आणि चाकाची घरघर. हा आवाज तिने पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. आता बाबा फोनवर खोकत होते आणि मशीन चालू होतं.

"बाबा, मशीनवर कोण आहे?"

"कोण म्हणजे?" बाबांनी ठसका आवरला. मग तोंड फोनपासून लांब नेऊन म्हणाले, "जरा हळू गं, बोलू दे की."

मशीन थांबलं.

धाकटीने फोन ठेवला आणि विचार केला. विचार करणं तिच्या शास्त्रातच होतं. मावशींना शिवण येत नाही, पण शिकल्या असतील. नाहीतर बाबांनी हाताखाली कोणी ठेवली असेल, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ताकास तूर लागू देत नसतील. माणूस असतोच की स्वाभिमानी. यात भिण्यासारखं काय आहे? काहीच नाही. उलट जी कोणी असेल तिचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं.

तरी त्या रात्री झोपताना तिने खोलीकडे पाठ केली नाही.

४

मग तिच्या हातून एक चूक झाली. चूक तशी नवशिक्याची.

बांधणीहून आलेलं जाडजूड पुस्तक ती जागेवर ठेवत होती. दिव्याची टिकटिक संपत आलेली, म्हणून घाई. ठोकळा काढायचा राहिला. पुस्तक जाईना. तिने तळहाताने रेटलं. आणखी रेटलं. पुस्तक आत सरकलं, आणि त्याच क्षणी लांब, फळीच्या दुसऱ्या टोकाला, धप्प झालं.

ती धावत गेली. टोकाचं पुस्तक जमिनीवर पडलं होतं. जुनं, नाजूक. कणा मोडला होता.

ठोकळेकाका आले. ओरडले नाहीत. खाली बसून त्यांनी पानं गोळा केली.

"इथे रेटलं की तिथे पडतं," ते म्हणाले. "रेटणाऱ्याला इजा होत नाही. टोकाला जो असतो तो जातो."

"चुकले, काका."

"चुकणार. म्हणून तर शिकायला आलीस." त्यांनी मोडलेलं पुस्तक लहान मूल घ्यावं तसं उचललं. "हे नीट होईल की नाही, सांगता येत नाही. म्हातारं होतं."

त्याच संध्याकाळी मावशींचा फोन आला. मावशी स्वतःहून कधी फोन करत नसत. धाकटीला आभार मानायचेच होते.

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसले उपकार?"

"बाबांचं सगळं बघता ते."

"मी? अगं, माझे गुडघे जिना चढू देतात का? मी तुला झापायला फोन केलाय. शहाणे, येऊन बसली आहेस घरात आणि मला भेटायला उतरली नाहीस! काल गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस, मी खालून हाक मारली. वळलीसुद्धा नाहीस. दोन बुकं काय शिकलीस, मावशी जड झाली?"

धाकटीने खोलीचं दार लोटून घेतलं.

"मावशी, तुम्ही चेहरा पाहिलात का?"

"पाठ दिसली की. तुझी पाठ मला ओळखू येत नाही? तीच वेणी, तोच निळा झगा. आता निघालीस की काय परत?"

निळा झगा तर तिच्या अंगावर होता. तिने खाली वाकून पाहिलं. होता.

"हो," धाकटी म्हणाली. "निघाले." का म्हणाली ते तिला कळलं नाही. पण मावशींना दुसरं काही सांगणं बरं वाटेना.

५

दुसऱ्या दिवशी ती तडक भांडारात गेली. काका टेबलाशी बसून कानशीने एका ठोकळ्याची कड घासत होते.

"काका, तुम्ही माझ्या घरी..." वाक्य तिथेच अडकलं. दिवसाढवळ्या, धडधाकट माणसापुढे असलं वाक्य पुरं करणं सोपं नसतं.

काका घासत राहिले. "काढू?"

"काय?"

"तूच म्हणालीस म्हणून ठेवला. नको असेल तर काढू. तू परत चाललीस का?"

"सुट्टीत जाणार आहे. चार दिवस."

"चार दिवसांसाठी कोणी काढत नाही." त्यांनी कडेवर फुंकर मारली. भुसा उडाला. "कायमची चाललीस तर सांग."

ते वर्गाबद्दल बोलत असतील. वर्गातल्या जागेबद्दल. ती जागाही ते कोणासाठी तरी राखत असतील. म्हाताऱ्यांच्या बोलण्याला नेम नसतो. धाकटीने स्वतःला हे सगळं समजावलं. समजावून झालं तरी तिने विचारलंच.

"काका, त्याने बाबांना काही होणार नाही ना?"

पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत दुष्टावा नव्हता. असलाच तर थोडा राग होता, चांगल्या कारागिराच्या कामावर कोणी शंका घेतल्यावर येतो तसा.

"ठोकळा कोणाला काही करत नाही, पोरी. तो नुसता उभा असतो."

तिने पार्टनरला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पार्टनरने चेष्टा केली असती, आणि चेष्टा ऐकून आपल्याला हसू आलं नाही तर काय, ही तिला भीती वाटली. बाबा रोज फोनवर ठणठणीत असत. जेवण व्हायचं, काम व्हायचं, गिऱ्हाइकं परत येऊ लागली होती. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत. तक्रार करायची तरी कशाची? फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली. 'तू कधी येणार' हे बाबांनी विचारणं सोडलं होतं.

६

सुट्टी लागली. तिने घरी कळवलं नाही. कळवलं तर कोणाला कळेल, हा विचार मनात आला आणि तिने तो तिथेच दाबला.

भर दुपारी ती जिना चढली. दार उघडंच होतं. बाबांना मोकळा वारा हवा असायचा.

घर म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. दारातून आत गेलं की डाव्या हाताला स्वयंपाकाचा ओटा आणि त्यावर दाराबाहेरच्या बोळात उघडणारी खिडकी. पुढे धाकटीचा पलंग, त्याला आडवा पडदा. त्याच्या पुढे मशीन. आणि पार टोकाला गॅलरी, तिचा कठडा गुडघ्याला लागेल एवढा बुटका. उजेड तिथेच, म्हणून बाबा कापड बेतायला तिथे स्टूल टाकून बसत. आताही तिथेच बसले होते, दाराकडे पाठ करून.

धाकटी उंबऱ्याबाहेर थांबली आणि त्यांना डोळे भरून पाहू लागली.

बाबांच्या अंगावर मांस आलं होतं. सदरा स्वच्छ, कॉलर ताठ. पाठीला बाक नव्हता. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. आई गेल्यापासून तिने त्यांचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. मशीनवरच्या उशीवर सुया होत्या, ओवलेल्या, इतक्या सरळ रांगेत की तिला स्वतःला तेवढं कधी जमलं नव्हतं.  

तिने चप्पल काढली आणि एक पाऊल आत टाकलं.

टोकाला बाबांचं स्टूल कर्रकन सरकलं. कठड्याकडे. बाबांचे हात हवेत गेले, कापड खाली पडलं. "अरे अरे!" ते म्हणाले.

धाकटीने पाऊल मागे घेतलं. स्टूल थांबलं. बाबांनी भिंत धरली, स्वतःशीच हसले, फरशीला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा कात्री उचलली.

योगायोग. फरशी गुळगुळीत आहे, स्टुलाचा एक पाय आखूड आहे. एवढं शिकलेल्या मुलीने कशावरही विश्वास ठेवू नये. खात्री करायला हवी म्हणून तिने पाऊल पुन्हा पुढे केलं. सबंध नाही. नुसता चवडा टेकवला.

स्टूल सरकलं. बाबांचे गुडघे कठड्याला टेकले. कठड्यावर ठेवलेला खडू खाली रस्त्यावर पडला. फुटल्याचा आवाज यायला जरा वेळ लागला.

तिने चवडा उचलला.  सरळ हिशेब होता, कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोली तेवढीच होती, आणि तिची जागा भरलेली होती.

पडद्यामागे कोणीतरी होतं. हलत नव्हतं. पडदा जिथे खाली संपतो तिथे निळ्या कापडाची कड दिसत होती, आणि शेजारून खाली लोंबणारं वेणीचं टोक. श्वासाने पडदा थोडा तरी हलायला हवा. तो हलत नव्हता.

'बाहेर ये' म्हणता आलं असतं. ती जागा तिची होती. तिने हाक मारली असती तर ते मुकाट्याने उठून गेलं असतं, याबद्दल तिच्या मनात का कोण जाणे शंका नव्हती. पण मग तिला राहावं लागलं असतं. आज, उद्या आणि पुढे कायम. आणि नाही राहिली तर ती जागा पुन्हा मोकळी, सुया न ओवलेल्या, बाबा भिंतीला टेकलेले. तिने डोळ्यांपुढे दोन्ही आणून पाहिलं. वर्ग, फळ्या, पार्टनरची खुर्ची, बाईंची शाबासकी. आणि ही खोली. बाबांनीच 'जा' म्हटलं होतं.

तिने तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

फरशीवर तिची सावली पडली असेल, नाहीतर तिचा श्वास ऐकू गेला असेल. बाबांनी मान वळवली. त्यांचे डोळे दाराच्या उजेडात तिला शोधू लागले. तिच्या चेहऱ्यावर आले, आणि थांबले नाहीत.

"दारात कोण आहे गं?" त्यांनी विचारलं.

तो प्रश्न तिला नव्हता.

"कोणी नाही, बाबा," पडद्यामागून धाकटीच्याच आवाजात उत्तर आलं. तोच शब्द जरासा ओढायचा हेल, तोच बारीक घोगरेपणा. "पत्ता चुकल्या आहेत."

"मग पाणी दे त्यांना. उन्हाच्या आल्या असतील."

पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज झाला. धाकटीने झटकन मान फिरवली. पाहायचं नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळत होतं. ती भिंतीला पाठ लावून बोळात उभी राहिली. आत पावलं वाजली, हलकी, पोकळ. माठात पेला बुडाल्याचा आवाज आला. मग तिच्या खांद्याशेजारची खिडकी उघडली आणि एका हाताने पेला खिडकीच्या चौकटीवर ठेवला.

तेवढा हात मात्र तिने पाहिला. तिचाच म्हणावा असा हात, रंगाने आणि आकाराने. फक्त बोटं फार नितळ होती. पेरांच्या जागी रेषा नव्हत्या.

हात मागे गेला. घाई न करता, अदबीने.

धाकटी बराच वेळ त्या पेल्याकडे पाहत राहिली. मग उचलला आणि पाणी प्यायली. गार होतं. तळाशी थेंब राहू दिला नाही. ज्याने आपलं माणूस सांभाळलं त्याच्या हातचं पाणी कसं टाकायचं?

"उपकार झाले," ती खिडकीला म्हणाली. शब्द मनापासूनचे होते.

 मग टोकाकडून बाबांचं हसणं आलं. भरल्या घरातल्या माणसाचं हसणं.

"ऐकलंस का गं? अगदी तुझ्यासारखा आवाज आहे यांचा." मग जरा मोठ्याने, दाराच्या दिशेने, "उपकार कसले त्यात, बाई. सांभाळून उतरा हं. जिना अरुंद आहे."

"हो," धाकटी म्हणाली, आणि चप्पल हातात घेऊन सांभाळून उतरू लागली.